बंद घरांची मोजणी

गल्लीत तिला टेपबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा ती 'मिस्त्रींची सून' होती, पुढे 'फ्रिजवाल्याची बायको' झाली, आणि स्वतःच्या कष्टाने मिळवलेलं असं हे पहिलंच नाव होतं. पूरनियंत्रणाच्या ऑफिसात ती मोजणीच्या कामाला होती. अंगात पिवळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी. पिशवीत पोलादी टेप आणि कुत्र्यांसाठी बिस्किटं. माणसांपेक्षा कुत्री लवकर समजून घेतात असं तिचं मत होतं आणि ते तिने माणसांपासून कधी लपवलं नाही.

काम सांगायला सोपं. नदीला पूर आला तर शहराचं किती नुकसान होईल याचा अंदाज ऑफिस काढायचं, आणि त्या अंदाजावर सगळं ठरायचं. पंप कुठे बसवायचे, काठची भिंत कुठे उंच करायची, होड्या आधी कुठल्या गल्लीत पाठवायच्या. आता हा अंदाज आजवर निघत कसा होता ते ऐका. पुलाच्या खांबावर एक पट्टी रंगवलेली. तिच्यावर पाणी किती चढलं ते बघायचं आणि त्यावरून गल्ल्यागल्ल्यांतलं पाणी धरून चालायचं. मग ते पाणी गटारातून उलटं येवो नाहीतर नदीवरून, सगळं एकच. घरंही सगळी सारखी धरायची: पक्की, एकमजली, जोतं रस्त्यापासून हातभर उंच. आणि अशा घरात इतकं पाणी शिरलं तर इतकं नुकसान, हा तक्ता कुठल्याशा दुसऱ्याच शहरातून उचलून आणलेला. शेजाऱ्याचा ताप मोजायचा आणि औषध आपण घ्यायचं, त्यातली गत.

गेल्या पुरात या अंदाजाची पुरती शोभा झाली. टेपबाईच्या गल्लीपुढे कागदावर 'किरकोळ नुकसान' असं लिहिलेलं होतं, आणि गल्लीतल्या एकाही घरात बसायला कोरडी गादी उरली नव्हती. पंप होते, पण ते भलतीकडेच होते. त्यानंतर ऑफिसात नव्या इंजिनिअर मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, पाणी गल्लीत जाऊन मोजा आणि घर न् घर मोजा. कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याच्या खुणांचे खांब उभे राहिले, मोजणीसाठी माणसं भरली, आणि आमची ही टेपबाई त्यात लागली. लागली ती हौसेने. या अंदाजावर तिचा वैयक्तिक राग होता.

राग का, तर त्या पुरात तिचे सासरे बुडता बुडता राहिले होते.

सासरे, म्हणजे बाबा, जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. हे घर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलं, दाराशी चांगल्या तीन पायऱ्या देऊन. पण रस्ते करणारे जुना रस्ता कधी उकरत नाहीत, जुन्यावर नवा थर ओततात. प्रत्येक थरागणिक रस्ता चढत गेला आणि पायऱ्या एकेक करून त्याच्या पोटात गेल्या. तेव्हा बाबांनी दारातच, उंबऱ्याच्या जागी, विटा-सिमेंटचा गुडघाभर बांध घातला. बांध ओलांडून घरात जायचं. ही युक्ती गल्लीला इतकी आवडली की एकेकाने येऊन बाबांकडून तसाच बांध घालून घेतला. पुढे बाबा परांचीवरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले, पण गल्लीतल्या प्रत्येक दारात त्यांच्या हातचं काम उभं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

पूर आला तेव्हा बांधाने आपलं काम चोख केलं. रस्त्यावरचा थेंब आत येऊ दिला नाही. पाणी आलं ते न्हाणीच्या मोरीतून, खालून, गुळगुळ आवाज करत. बाबांची खाट जेवणाच्या टेबलावर चढवली. टेपबाई आणि तिचा नवरा दोन बाजूंनी टेबल धरून पाण्यात उभे राहिले, कारण टेबल तरंगू बघत होतं. बाबांच्या नाकापासून छत हातावर होतं. आणि खरी चेष्टा पुढेच. रस्त्यावरचं पाणी ओसरलं, लोक चपला घालून फिरायला लागले, तरी यांच्या घरात तळं तसंच. आत आलेल्या पाण्याला बांध बाहेर जाऊ देईना.

"हौद छान बांधलाय," खाटेवरून बाबा म्हणाले होते, "गळत नाही."

त्या दिवसापासून टेपबाईला एकच ध्यास लागला. पुढचा पूर येण्याआधी बाबांना या घरातून बाहेर काढायचं. वरच्या वस्तीत, टेकावर, एका इमारतीत दोन खोल्या तिने बघूनही ठेवल्या होत्या. लिफ्ट होती, बाबांची खाट आत जाईल एवढी मोठी. पण त्यासाठी हे घर विकायला हवं होतं, आणि पूर पाहिलेल्या गल्लीत घर घ्यायला कोण येणार? दारावरची 'विकणे आहे' ही पाटी उन्हाने पांढरी पडली तरी कुणी फिरकलं नाही. तिच्या नवऱ्याला मात्र पुराचा हंगाम लाभायचा. फ्रिज आणि कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करायचा तो. पाणी ओसरलं की दुकानापुढे रांग लागे. 'देवाने माझं पोट आणि माझं घर एकाच पाण्यात बुडवलंय,' असं तो म्हणायचा, आणि म्हणून झाल्यावर हसायचा नाही.

आता मोजणीची गोष्ट. ऑफिसचा नियम होता: रस्त्यापासून उंबऱ्याच्या माथ्यापर्यंत टेप लावा आणि आकडा लिहा. टेपबाई नाकासमोर चालणारी बाई, तिने तसंच केलं. बांध असलेल्या घरांचे आकडे झकास येत. अशी घरं कागदावर उंच दिसत, आणि नकाशावर फिकट. नुकसानीप्रमाणे प्रत्येक घराचा चौकोन रंगायचा. फिकट म्हणजे निर्धास्त, गडद म्हणजे देव वाली.

एक दिवस ती नदीपलीकडच्या वस्तीत एका शिंपिणीचं घर मोजत होती. तिथेही दारात बांध. आकडा लिहून झाला, शिंपीण म्हणाली, "उन्हाची आलीस, पाणी तरी पी," म्हणून ही बांध ओलांडून आत गेली आणि तोंडघशी पडायची राहिली. पाय जिथे टेकेल असं वाटलं होतं तिथे जमीनच नव्हती. जमीन आणखी खाली होती. तिने पाण्याचा पेला बाजूला ठेवला, टेप काढली आणि आतून मोजलं. फरशी रस्त्याच्या खाली होती, चांगली वीतभर. बांधाचा माथा उंच, आणि माणसं राहत होती खड्ड्यात. ऑफिस मोजत होतं बांध.

ती तडक मॅडमकडे गेली. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि त्याच दिवशी नियम बदलला. बांध धरायचा नाही, दारापाशच्या फरशीची उंची घ्यायची. झालेली घरं पुन्हा करायची. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "हे आपल्याला टेबलावर बसून कधी कळलं नसतं." टाळ्या पडल्या, कुणीतरी चहा मागवला. टेपबाई तरंगतच घरी आली.

दारातला बांध तिने रोजच्यासारखा ओलांडला. पाय रोजच्यासारखा पलीकडे उतरला, न चुकता, न अडखळता. आणि मग ती तिथेच थांबली. वर्षानुवर्षं ती हे खाली उतरणं उतरत होती. पाण्याने भरलेलं घर तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याचा दोष तिने मोरीला दिला होता. रोजच्या पायाला उतार कळत नाही. सगळ्या शहराचे उंबरे मोजत फिरली आणि स्वतःच्या दिव्याखाली अंधार! तिने टेप लावली. वीत आणि वर चार बोटं, रस्त्याच्या खाली. शिंपिणीपेक्षाही खोल.

"काय मोजतेस गं?" आतून बाबांनी विचारलं.

"काही नाही. टेप चालते का बघत होते."

तिला हे खोटं बोलावं लागलं, कारण नेमकं त्याच आठवड्यात घराला गिऱ्हाईक आलं होतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक नर्सबाई. निवृत्त झालेल्या, एकट्या, गुडघे पार गेलेले. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहत, लिफ्ट नाही. त्यांचा फ्रिज दुरुस्त करायला गेलेल्या नवऱ्याला त्या म्हणाल्या होत्या, "मला एकही जिना नको. तळमजला बघा कुठे." पहिल्यांदा आल्या तेव्हा बांधावर चक्क बसल्या, दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत घेतला आणि खळखळून हसल्या. "उंबरा एवढा उंच, म्हणजे पाणी काही येत नसणार." नवऱ्याने टेपबाईकडे पाहिलं. टेपबाईने भिंतीकडे पाहिलं. "रस्त्यावर येतं थोडंफार," नवरा म्हणाला. जाताना त्यांनी बाबांची नाडी बघितली, टाचा बघितल्या, जखम होऊ नये म्हणून उशी कुठे ठेवायची ते दाखवलं. नर्सबाई टेपबाईला फार आवडल्या. तेच वाईट झालं.

टेप लावली त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकताना ताटात बोटाने रेघा ओढत होता.

"म्हणजे आपल्या गल्लीची पुन्हा मोजणी होणार?"

"होणार."

"आणि आपलं घर काळं होणार नकाशावर."

"गडद," ती म्हणाली.

"तोच तो. नर्सबाई कर्ज काढतायत. बँक नकाशा बघते." त्याने ताट बाजूला सरकवलं. "ऑफिसात कुणी विचारलं नव्हतं ना तुला? कुणी तक्रार केली होती का? तूच सांगायला गेलीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

खरं मोजलं तर बाबा इथेच अडकणार. खोटं मोजलं तर नर्सबाई त्यांच्या गुडघ्यांसकट या हौदात येऊन पडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने गल्ली दुसऱ्या कुणाला द्या असं मॅडमना सांगायचंही ठरवलं, पण दुसऱ्या कुणाच्या टेपलाही फरशी तेवढीच खोल लागणार होती.

वाट काढली ती समोरच्या चष्मेवाल्याने. चष्म्यांचं दुकान त्याचं, घर टेपबाईच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. नवा नियम सगळ्यांना कळला आणि चष्मेवाल्याच्या ओट्यावर सगळे जमले. कुणाला घर विकायचं होतं, कुणाला भाडेकरू हवा होता, कुणाला नुसतीच भीती वाटत होती. चष्मेवाल्याने टेपबाईलाच विचारलं, "घर बंद असलं तर तुम्ही काय लिहिता?"

"घर बंद, असंच लिहितो."

"आणि मग आकडा?"

"शेजारपाजारच्या घरांवरून कॉम्प्युटर धरतो. पण अर्ध्याहून जास्त गल्ली बंद निघाली तर जुनाच आकडा राहतो."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय सांगून बसलो. चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "मग झालं तर," तो म्हणाला. "कुणी खोटं बोलायला नको. टेपबाई, तुम्ही ज्या दिवशी याल त्या दिवशी गल्ली बाहेरगावी."

तिने विरोध केला नाही. हे इथेच सांगून टाकलेलं बरं. दार बंद असलं तर मोजणारी काय करणार, असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते इतकं सोयीचं होतं की त्या रात्री तिला छान झोप लागली. बाबांचं काय, असं नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दुकानात नेतो. गाडी सांगून ठेवलीय."

मोजणीच्या दिवशी ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली तेव्हा दारोदार कुलपं. भर सकाळी गल्ली अशी तिने पुरातसुद्धा पाहिली नव्हती. एका घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि दाराला बाहेरून कुलूप. दुसऱ्या घरात मूल रडत होतं आणि त्याच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवला असावा, कारण रडणं मध्येच तुटलं. तिने दार वाजवायचं, नियमाप्रमाणे वाट बघायची, 'घर बंद' लिहायचं आणि पुढच्या दाराशी जायचं. आतून लोक तिचा हिशेब ऐकत होते. तिलाही त्यांचे श्वास ऐकू आल्यासारखे वाटत होते. चष्मेवाल्याचं घर झालं. मग ती रस्ता ओलांडून आपल्या दाराशी आली. नवऱ्याने कुलूप घातलेलं होतं. तिने आपलंच दार वाजवलं.

आत कुणीतरी खोकलं.

"बाबा?" तिने खिडकीला तोंड लावलं. "तुम्ही आत आहात?"

"मग कुठे जाणार? गाडीवाला आलाच नाही." बाबांचा आवाज दबका होता. "लिही तू, घर बंद. मी खोकत नाही."

तिने लिहायला घेतलं. ऑफिसने दिलेल्या मोबाइलवर 'घर बंद' या खुणेवर बोट ठेवलं की पुढचे रकाने आपोआप भरत. घरातली माणसं: शून्य. उचलून न्यावं लागेल असं कुणी: शून्य. होड्या आधी कुठे पाठवायच्या ते याच रकान्यावरून ठरायचं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सकाळपासून ती शून्य, शून्य करत आली होती. कुकर शून्य, रडणारं मूल शून्य. इथे मात्र तिचं बोट अडलं. आत तो माणूस खोकला दाबून पडला होता, उशी तोंडावर धरून असणार, आणि ती त्याला नाही म्हणून लिहीत होती.

"पोरी, गेलीस का?" आतून आलं.

"नाही अजून."

"जा ना मग. श्वास कोंडतोय."

तिची स्वतःची किल्ली पिशवीत होती, बिस्किटांच्या पुड्याखाली. तिने कुलूप काढलं. त्या शांत गल्लीत तो खटका सगळ्या घरांत ऐकू गेला. बाबा तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना जो खोकला सुटला तो बराच वेळ थांबेना. ती त्यांची पाठ चोळत राहिली. खोकला थांबल्यावर तिने खाट दाराजवळ ओढली, टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि मोजलं.

"किती?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं.

"मी तीन पायऱ्या दिल्या होत्या," बाबा म्हणाले. नंतर त्यांनीच विचारलं, "आणखी काय लिहायचं असतं?"

"उचलून न्यावं लागेल असं घरात कुणी आहे का."

"लिही, एक. वजनदार आहे म्हणावं."

संध्याकाळी नवऱ्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो जेवला, हात धुतले, आणि बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बाबांना इथून काढायला घर विकत होतो आपण. आणि तू बाबांसाठीच घर विकू दिलं नाहीस. मला हे समजावून सांग एकदा." तिला स्वतःलाच ते नीट समजलेलं नव्हतं.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. नकाशा निघाला, कुणालाही बघता येईल असा. टेपबाईच्या गल्लीत सगळे चौकोन फिकट आणि मधोमध एकच गडद. एका गडद चौकोनाने गल्लीच्या बेरजेत काही फरक पडत नाही, म्हणून पंप याही वेळी दुसरीकडे गेले. पुनर्मोजणी झालेल्या शिंपिणीच्या वस्तीला दोन मिळाले. मॅडमना कुलपांची शंका आली नसेल असं नाही. "बंद घरांची फेरी पुन्हा करू," त्या म्हणाल्या, "पुढचा निधी आला की." दारावरची पाटी नवऱ्याने काढली. होडी पहिली आपल्या दाराशी येईल, एवढी एक गोष्ट टेपबाईच्या पदरात होती, आणि ती तिने कुणाला बोलूनही दाखवली नाही. बोलणार कुणाशी? एकट्या तिचंच घर उघडं निघालं, म्हणजे उद्या आपलीही कुलपं उघडायला लागतील या धास्तीने गल्लीने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. चष्मेवाला तर रस्त्यात दिसली की चष्मा काढून पुसायला लागे.

नर्सबाई स्वतः येऊन नाही म्हणून गेल्या. टेपबाईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बँकच नको म्हणते हो. पण तुम्ही स्वतःच्या घराचं खरं लिहिलंत. कोण लिहितं असं?" टेपबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि थोडं बरंही वाटलं.

काही दिवसांनी तिने नर्सबाईंना पुन्हा गल्लीत पाहिलं. चष्मेवाल्याच्या दारातल्या बांधावर त्या बसल्या होत्या आणि हातांनी एकेक पाय आत घेत होत्या. चष्मेवाला वाकून त्यांची पिशवी धरत होता. टेपबाई खिडकीत उभी होती. काय चाललंय ते कळायला तिला टेप लागली नाही. तोच रस्ता, तीच फरशी, बाबांच्याच हातचा बांध, आणि नकाशावर मात्र फिकट चौकोन. तिने नवऱ्याला हाक मारली. तो आला, बघितलं, आणि म्हणाला, "आपलं बुडालं ते बुडालं. आता दुसऱ्याचंही बुडव, मग गल्ली आपल्याला इथे कशी जगू देते ते बघ. जायला तर जागा नाहीच आपल्याला." तो खरं बोलत होता. या लोकांमध्येच राहायचं होतं, याच रस्त्यावरून बाबांचं औषध आणायचं होतं, पाणी आलं तर खाट धरायला यांनाच हाका मारायच्या होत्या. आज जाऊन सांगते, उद्या सांगते, असं म्हणत तिने दिवस घालवले. रस्ता ओलांडायला दहा पावलं लागत नव्हती. समोरच्या घराचे कागद झाले, चष्मेवाला सामान घेऊन टेकावर राहायला गेला. लिफ्टच्या इमारतीत, असं कुणीतरी सांगितलं.

नर्सबाई राहायला आल्या त्या दिवशी दुपारीच टेपबाईकडे आल्या. बांधावर बसल्या, पाय आत घेतले, आणि बाबांच्या उशापाशी खुर्ची ओढून बसल्या. चेहरा लग्नघरातल्यासारखा फुललेला. "आयुष्यात पहिलं घर हो हे माझं," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्यामुळे. तुम्ही खरं मोजलंत म्हणून मला नकाशा बघायची बुद्धी झाली. नाहीतर मी आपली उंबरा बघूनच घेणार होते." मग बाबांचा हात थोपटत म्हणाल्या, "आता काळजी करायची नाही. पाणी आलंच, तर यांना सरळ माझ्याकडे आणायचं. माझ्याकडे कोरडंच असणार. नर्स समोर असताना घाबरायचं कशाला?"

बाबांनी टेपबाईकडे पाहिलं. नजर हलवली नाही.

"नर्सबाई," टेपबाई म्हणाली. "तुमचं घर आमच्याएवढंच खोल आहे. सगळी गल्लीच आहे. त्या दिवशी दाराला कुलूप होतं, म्हणून मोजलं गेलं नाही."

नर्सबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, थोडा वेळ. त्यांनी दारातून समोर, आपल्या घराकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे, मग आपल्या गुडघ्यांकडे.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मी समोरचं घर बघायला आले तेव्हा?"

"हो."

"तेव्हा तुम्ही या खिडकीत होतात. मी तुम्हाला तिथून हात केला होता."

टेपबाईने मान हलवली.

"तुम्हीही केलात," नर्सबाई म्हणाल्या.